धडधड आणि तान्ह्यांचा ठराव

शांतता ही सार्वजनिक मालमत्ता असली, तरी ती मोडण्याचा पहिला मान स्वयंपाकघराला असतो. दुपारी तीनला मांडणीवरची ताटली एकटीच किणकिणली आणि चांगुणाने ओळखलं, वरात वेशीतून आत आली. तिने पाळण्यातल्या ज्ञानूच्या छातीवर हात ठेवला. आठ महिन्यांचं पोर. मागं एकदा या आवाजानं असं दचकलं होतं, की रडायलाही त्याला आधी श्वास शोधावा लागला.

रंगनाथच्या स्पीकरवाल्या टेम्पोतली ही कॅसेट शिर्डीच्या एका लॉजवर कुणी परदेशी पाव्हणा विसरून गेलेला. गावात तिला ‘धडधड’ म्हणतात. तिच्या लोकप्रियतेमागे विचार आहे. तिच्यात शब्दच नाहीत, त्यामुळे कुणाच्या देवाचं नाव नाही, कुणाच्या महापुरुषाचं नाही आणि विहीणबाईला टोमणा लागण्याची सोय नाही. भजन एका आळीत, भीमगीत दुसऱ्या आळीत. धडधड मात्र दोन्हीकडे सारखीच. (हातपंप अजून दोन आळींचे दोन आहेत.)

मध्येच ती दहा सेकंद गप्प होते. अख्खी वरात हात वर करून थांबते. गावातले सगळे पुरुष एकाच वेळी गप्प बसल्याची ही एकमेव नोंद. मग ठोका पडतो आणि दर वरातीमागे सरासरी अकरा ताटल्या व एक आरसा (आधीच तडकलेला) खाली येतो.

म्हणून चांगुणाने ज्ञानू निजलेला असताना, चार दुपारी वेळ चोरून, ग्रामसभेला अर्ज लिहिला. सभेने तो एकमताने मंजूर केला : ज्या घरी तान्हं मूल, त्या दारापुढे धडधड वाजवू नये. तेव्हा गावात एकोणीस तान्ही होती. आठवड्यात एकच उरलं, चांगुणाचं. कारण दारात वरात थांबून वाजणं हा मान. टेम्पो मुकाट पुढं गेला, तर त्या घराचं वजन काय? पाळणे माळ्यावर गेले. सहा महिन्यांच्या पोरांना खिशाच्या चड्ड्या शिवल्या गेल्या. शेजारच्या बनुबाईने तर नातवाला काजळाची मिशी काढली.

टेम्पो चांगुणाच्या दारात आला.

“कडूमावशी, तुमच्यात तान्हं हाय. पुढं घेतो,” रंगनाथ ओरडला.

चांगुणाची सासू उंबऱ्यातच उभी होती. “कोन म्हनतं तान्हं? दोन दात आल्यात त्याला! वाजव!”

“आत्याबाई, ठराव झालाय,” चांगुणा आतून म्हणाली.

“तुज्या ठरावानं दोन वराती मुक्या गेल्या आपल्या दारावरनं! आता काय भाकरी खायाला लागल्यावर मान घ्यायचा व्हय?”

रंगनाथने बटण दाबलं. चांगुणाने ज्ञानूचा एक कान आपल्या छातीशी दाबला, दुसऱ्यावर तळहात ठेवला. दहा सेकंद आले, गेले. ठोका पडला. ताटली पडली. पोर तळहाताखाली ताठ झालं आणि मग रडलं.

असल्या नादाला अडाणी माणसंच भुलतात, हे शिकलेल्या माणसाला (म्हणजे नववी पास चांगुणाला, आणि हे वाचणाऱ्याला) सांगावं लागत नाही. तरी तिने पदराला लोंबकळणाऱ्या चार वर्षांच्या सृष्टीला ते सांगितलंच. “येडी मानसं हायती, बाई. ह्याच्यावर कुनी नाचतं का?”

सृष्टीने खाली बघितलं.

“मग आई, तुजा पाय का हालतोय?”