दुसऱ्या टोल्याची वाट

ज्या शहरात काही घडायचं बंद होतं, त्याला ऐतिहासिक शहर म्हणतात. लेवुका या कसोटीला शंभर टक्के उतरतं. एके काळी ते फिजीची राजधानी होतं आणि बंदरात शिडाची जहाजं दाटीवाटीनं उभी असायची. पुढे गोऱ्या साहेबांच्या लक्षात आलं, की शहराच्या पाठीला डोंगर आहे, पुढ्यात समुद्र आहे आणि मधे जेमतेम एक रस्ता मावतो. राजधानीला वाढायला जागा लागते (निदान कारकुनांना तरी लागतेच), म्हणून राजधानी सुवाला हलवण्यात आली. डोंगर आणि समुद्र यांच्या बदलीचे हुकूम अजून निघालेले नाहीत, त्यामुळे ते इथंच आहेत.

शहराची अर्थव्यवस्था दोन गोष्टींवर चालते: मासे डबाबंद करण्याचा कारखाना आणि पाहुण्यांनी केलेलं कौतुक. संस्कृती मात्र एकाच गोष्टीवर चालते, ती म्हणजे चर्चचं घड्याळ. हे घड्याळ प्रत्येक तासाचे टोले दोनदा देतं, मधे एक मिनिट सोडून. पहिल्या वेळी लोकांनी कान टवकारायचे आणि दुसऱ्या वेळी मोजायचं. त्यामुळे पहिल्या टोल्याला उठून कामाला लागणं हे लेवुकात उतावळेपणाचं लक्षण समजतात. एका पाहणीनुसार पहिल्या टोल्याला जागचे हलणारे लोक शेकडा तीन भरतात (तिघेही पाहुणे).

जुने बंदर जतन समितीनं हेच तत्त्व कारभारात आणलं आहे. समितीकडे कुठलाही अर्ज दोनदा करावा लागतो. पहिला अर्ज, अर्ज येणार आहे हे कळवण्यासाठी. दुसरा अर्ज, अर्जासाठी. दोन्ही अर्जांबरोबर याकोनाच्या, म्हणजे आमच्या गुंगी आणणाऱ्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी द्यायची असते, कारण घोटभर याकोना पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे कुणाचंही म्हणणं कुणाला ऐकू येत नाही. दोन अर्जांमधे किती काळ जावा, याबद्दलचा ठराव समितीनं एकदा संमत केलेला आहे.

लोसानाचं चहाचं दुकान किनाऱ्यावरच्या रस्त्याला लागून आहे. दुकान तिच्या कैलासवासी नवऱ्याच्या आज्यानं बांधलेलं, भिंती लाकडी, वर पत्रा. पत्रा अकरा ठिकाणी गळायचा. पाऊस आला की लोसाना टोप, पातेली, बादली, केकचा साचा आणि नवऱ्याची जुनी टोपी अशा क्रमानं भांडी मांडायची आणि मग गिऱ्हाईकांना उरलेल्या जागेत बसवायची. गेल्या वादळात छपराचा एक कोपरा उचलला गेला होता. पुढचं वादळ ते कोरो बेटावर नेऊन ठेवील, असं शेजाऱ्यांचं मत होतं, आणि शेजारी अशा बाबतीत सहसा चुकत नाहीत. दुकान गेलं, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्यात मासे साफ करायला उभं राहायचं, नाहीतर सुवाला मुलाच्या दोन खोल्यांत जायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. रात्री पत्रा कुरकुरला, की ती उठून दिवा लावायची.

तिनं पत्रे बदलण्यासाठी रीतसर दोन अर्ज केले. समितीचा चिटणीस फिलिमोने हा तिचा मामेभाऊ. यामुळे काम सोपं झालं असेल असं वाटण्याचा संभव आहे. पण आमच्याकडे आतेमामेभावंडांना एकमेकांची टिंगल करण्याचा जन्मसिद्ध हक्क असतो, काम करण्याचा नसतो. फिलिमोनेनं उत्तर स्वतः आणून दिलं. छपरावरचा गंज पन्नास वर्षांहून जुना असल्यामुळे तो संरक्षित वारसा ठरतो. अर्जदारानं नवा गंज कोणता आणि जुना कोणता हे सिद्ध केल्यास नव्या गंजाचा विचार करता येईल.

"फिली, तुझ्या डोक्यावर काही उरलं नाही, ते जुनं का नवं?" लोसानानं विचारलं.

"ते संरक्षित आहे," फिलिमोने म्हणाला. "माझ्या हातात काही नाही गं. नियम आहे. तू सरळ पोराकडे का जात नाहीस?"

"सुवाला गेले तर मी मरेन. आणि तेसुद्धा पहिल्या टोल्याला."

फिलिमोनेनं चहा संपवला (कपात दोन थेंब वरून पडले होते) आणि जाता जाता नियम चौदाची प्रत टेबलावर विसरला. इतकी वर्षं चिटणीस असूनही तो कधी काही विसरला नव्हता.

नियम चौदा असा: इमारतीचा जो सर्वांत जुना फोटो उपलब्ध असेल, त्यात ती ज्या स्थितीत दिसते, त्याच स्थितीत ती राखावी. लोसानानं तो तीनदा वाचला. मग तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि नवऱ्याच्या आज्याचा फोटो काढला. आजा दारात छाती काढून उभा होता. शेजारी आजी, तीन मुलं आणि एक डुक्कर. आणि वर छपरावर एक माणूस हातोडा उगारून ओणवा बसलेला. पत्रा तेव्हाही गळत होता.

त्या फोटोवर समितीची बैठक याकोनाच्या नऊ वाट्या चालली (साध्या विषयाला चार लागतात). निर्णय एकमतानं झाला. या इमारतीची ऐतिहासिक स्थिती 'दुरुस्ती चालू असलेली' अशी आहे. म्हणून दुरुस्ती करण्यास परवानगी आहे, इतकंच नव्हे तर ती सक्तीची आहे. दुरुस्ती पूर्ण करण्यास मात्र सक्त मनाई आहे. तशी ती झाल्यास दुकानाला कुलूप लागेल. दहा ते चार या वेळात छपरावर हातोडा घेतलेला एक माणूस दिसला पाहिजे. डुकराबाबतचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला.

छपरावर लोसानाचा भाऊ एतुआते चढला. तो होड्या बांधणारा सुतार, आणि होड्या आता कुणी बांधून घेत नव्हतं. तो दहाला चढायचा, ओणवा बसायचा आणि ठक ठक करायचा. पण हातात हातोडा असताना नुसतं ठोकत बसणं सुताराच्या जातीला जमत नाही. चारच्या पहिल्या आणि दुसऱ्या टोल्यांच्या मधे, जेव्हा सगळं शहर मान वर करून मोजायची वाट बघत असतं, तेव्हा तो एक खिळा काढायचा आणि एक बसवायचा. दिवसाकाठी दोन खिळे. जानेवारीपर्यंत सगळे पत्रे नवे झाले.

फेब्रुवारीत वादळ आलं. समुद्र रस्त्यावर आला, नारळाची झाडं वाकली, आणि फिलिमोने धावत दुकानात शिरला. लोसानानं चहा पुढे ठेवला. बाहेर कोसळत होतं. फिलिमोने कपाकडे बघत बसला. बराच वेळ झाला तरी कपात काही पडलं नाही. मग त्यानं वर पाहिलं. लोसानानं टेबलाची कड घट्ट धरली. एतुआते उगाचच बूट पुसायला लागला.

"लोसाना," फिलिमोने म्हणाला, "छप्पर गळत नाही."

तिनं त्याच्या कपात एक चमचा साखर टाकली.

"हे मी पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा बघेन, तेव्हा लिहीन. आणखी साखर दे."

त्या दिवसापासून फिलिमोने रोज चहाला येतो आणि मान खाली घालूनच पितो. लोसाना त्याला अजूनही टकल्या म्हणते, पण पूर्वीपेक्षा प्रेमानं.

एकच अडचण उरली. पाहुण्यांच्या वहीत तक्रारी येऊ लागल्या, की दुकानाची ती जुनी मजा गेली. त्यावर उपाय झाला आहे. एतुआतेनं नव्या पत्र्यांवर तपकिरी रंगानं गंज काढला असून, चौथ्या टेबलाच्या वर आढ्याला भोकाचा एक डबा टांगला आहे. त्यात रोज सकाळी पाणी भरतात. त्या टेबलावर गावातलं कुणी बसत नाही.

ते तुम्हां पाहुण्यांसाठी आहे. आपण याल, वरून थेंब चहात पडेल, आपण त्याचा फोटो काढाल आणि घरी जाऊन चारचौघांत म्हणाल, "किती जपलंय हो त्यांनी!" घरी आपली गच्ची गळत होती, तिला मात्र निघायच्या आधीच आपण डांबर लावून घेतलेलं असेल. पहिल्याच थेंबाला.