उजव्या पोटरीची नोटीस

भैरोबाच्या टेकडीच्या एकशे सत्याऐंशीव्या पायरीवर प्रफुल्ल घोसाळकरच्या उजव्या पोटरीने संपाची नोटीस दिली. नोटीस रीतसर होती, खाली झाडून सगळ्या पेशींच्या सह्या होत्या. "सकाळपासून शक्ती मिळालेली नाही. काम बंद."

वेळ मात्र पोटरीने बघून साधली होती. वर त्याचा साखरपुडा होता. मृदुलाच्या घरची रीत अशी, की नवऱ्या मुलाने साखरेचा पुडा हातात धरून तीनशे बारा पायऱ्या न बसता चढायच्या. बसला, तर साखरपुडा पुढच्या वर्षी. गेल्या वर्षी प्रफुल्ल नव्वदाव्या पायरीवर बसला होता.

त्याने उभ्या उभ्याच सगळ्यांना बोलावून घेतलं.

"आमच्याकडे आवकच नाही," पोट म्हणालं. "होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या उपाशीपोटी या. आलो."

"मी हमाल माणूस," रक्त म्हणालं. "जे चढवाल ते दारात नेऊन टाकतो. रिकाम्या पाटीवरून मला बोलायचं नाही."

"आणि मी मिनिटाला दीडशे वेळा ढकलतंय त्याला," हृदय म्हणालं. "आता काय बाहेर येऊन नाचू?"

शेवटी सगळे यकृताकडे वळले. कोठार त्याच्या ताब्यात.

"साखर थोडी आहे," यकृत म्हणालं, "पण ती आपत्तीसाठी. साखरपुडा आपत्तीत बसतो का, ते आधी ठरवा."

"वर तिचे वडील उभे आहेत," प्रफुल्ल म्हणाला.

यकृताने वर पाहिलं. "बसतो," म्हणालं, आणि कोठार उघडलं.

तेवढ्यावर तीन पायऱ्या झाल्या. एकशे नव्वदाव्या पायरीवर कोठार झाडून रिकामं झालं. मग सगळे प्रफुल्लच्या हातातल्या पुड्याकडे बघायला लागले.

"हा नाही हां," प्रफुल्ल म्हणाला. "हा वर द्यायचाय."

"मग तूच जा वर," पोटरी म्हणाली. "आम्ही इथेच बरे."

गुडघे वाकायला लागले. तेवढ्यात मृदुला शालू सावरत खाली आली.

"कोण संपावर?"

"उजवी पोटरी."

"गेल्या वर्षी डावी होती ना?"

"ती या वर्षी पाठिंबा देतेय."

मृदुलाने पुडा फोडला आणि मूठभर साखर त्याच्या तोंडात कोंबली. पोटाने घेतली, आतड्याने पुढे ढकलली, रक्ताने पाटी उचलली. साखर पोटरीच्या दारात पोचली. पोटरी ढिम्म.

"नुसत्या साखरेचं काय करू, रांगोळी काढू? चूल पेटायला हवा लागते. हवा कुठाय?"

"आम्हाला काय विचारता?" दोन्ही फुप्फुसं एकदम म्हणाली. "आमच्या खालचा पडदा खाली सरकला, की हवा आत येते. तो सरकणार कुठे? साहेबांनी पहिल्या पायरीपासून पोट आत ओढून धरलंय. फोटोग्राफर आहे ना!"

मृदुलाने प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लने फोटोग्राफरकडे.

"सोड ते पोट."

"मृदुला, तुझे बाबा बघतायत."

"सोड म्हटलं ना!"

त्याने पोट सोडलं. कुर्त्याचं तिसरं बटण उडून फोटोग्राफरच्या कपाळाला लागलं. पडदा खाली गेला, हवा आत शिरली, पोटरीत चुली पेटल्या. वरून तिच्या वडिलांनी होणाऱ्या जावयाचं पोट नीट निरखून घेतलं. ते सकाळपासून स्वतःचं धरून उभे होते. त्यांनीही सोडलं.

पोटरीने नोटीस मागे घेतली, तीही लेखी. अट एकच, परत उपाशी आणायचं नाही. प्रफुल्ल उरलेल्या एकशे बावीस पायऱ्या चढून गेला.

वर तिच्या आजोबांनी पुडा हातात घेऊन हलवून पाहिला.

"अर्धाच आहे. बाकीची साखर?"

"उजव्या पोटरीत," मृदुला म्हणाली.

"मग तसं सांगायचं ना." आजोबांनी प्रफुल्लला पायजमा वर करायला सांगितलं, वाकून पोटरीला कुंकू लावलं, आणि गुरुजींना म्हणाले, "चला, पुढचं घ्या."