रेतीच्या मडक्यात राक्क्यो

आमच्या योमितान गावात माझ्या हातच्या राक्क्योच्या लोणच्याला तोड नाही! इवलेसे अख्खे कांदे, कडक आंबट शिर्का, वर काळा गूळ. बाजारातल्या मासेवाल्या माझ्याशी भांडतात, पण बशी पुढे करूनच भांडतात. माझं नावच नाबी, म्हणजे भांडं. भांड्यातलं मला कोण शिकवणार?

मुलगा माझा सेइजुन. मागच्या पडवीत कराटे शिकवतो. जिभेनं मुका, मुठीनं दगड. त्याचे म्हातारे गुरुजी, नाकांदाकारी, त्या दिवशी नाहा शहरातून येणार होते. सेइजुनची तालीम त्यांच्या मनाला आली, तर त्यांच्या परंपरेच्या नावाची पाटी आमच्या फाटकावर लागणार. नाही आली, तर शिष्य उठून शेजारच्या गावातल्या तोमा मास्तराकडे शिकायला जाणार. आणि मी तर पाटी लागलीच म्हणून बाजारभर सांगून बसले होते!

आता ऐन राक्क्योचा हंगाम, घरात पाहुणा येणार, आणि एक मडकं रिकामं नाही. अंगणात बघते, तर अरुंद तोंडाची दोन झकास मडकी. आत काय? रेती! सेइजुन ती काठाला नुसत्या बोटांनी धरून पावलं टाकतो. पकड घट्ट होते म्हणे. मी म्हटलं, वजन ते वजन. रेतीचं काय नि राक्क्योचं काय! एका मडक्यातली रेती परसात ओतली, घासूनपुसून राक्क्यो भरले, शिर्का ओतला. मुंग्या चढू नयेत म्हणून काठाला डुकराची चरबी चोळली. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

गुरुजी आले. सुकवलेल्या बोनितो माशासारखे, वाळके आणि टणक. काखेत कापडात गुंडाळलेली पाटी. चहा झाला, गूळ झाला.

"सेइजुन," गुरुजी म्हणाले, "मडकी घे."

माझा पेला ओठाशीच थांबला.

सेइजुननं काठ धरले. डावं मडकं गुमान उठलं. उजवं साबणासारखं निसटलं! त्यानं पुन्हा धरलं, कसंबसं उचललं. त्याचे डोळे माझ्याकडे. मी आभाळाकडे. आभाळ फार सुंदर होतं हो त्या दिवशी!

सून हात्सुए माझ्या कानाशी आली. "आई, तुम्ही काही केलंत का?"

"मी? मी बापडी काय करणार? गप उभी राहा!"

सेइजुन चंद्रकोरीसारखी पावलं टाकत निघाला. गुरुजी मागून थापट्या मारायला लागले. यांची रीतच ती, अंग डगमगतं का बघायची. खांद्यावर फाट्! शिर्का उसळला. मांडीवर फाट्! शिर्का थेट सेइजुनच्या डोळ्यांत. पण चेहरा हलवायचा नाही हाही नियम. गालांवरून धारा लागल्या.

"रडतोस का?"

"आनंदानं, गुरुजी."

गुरुजींनी नाक वर केलं. "हा आंबट वास कसला?"

"घामाचा!" मी म्हटलं. "आमच्या सेइजुनचा घाम पहिल्यापासून आंबटच!"

"गुळाचाही येतोय."

"स्वभाव गोड आहे ना त्याचा!"

हात्सुएनं हसू दाबायला तोंडात फडकं कोंबलं. तेवढ्यात उजव्या मडक्यानं सेइजुनची बोटं सोडली. धाड्! खापऱ्या चौफेर, आणि राक्क्यो शाळा सुटल्यासारखे अंगणभर! एक तर गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला जाऊन टेकला.

"हे कोणी भरलं?"

"माझी चूक," सेइजुन मान खाली घालून म्हणाला. वेडा! आईचं नाव घेणार नाही, मेला तरी.

"आपल्याकडे साधनाला शिष्याशिवाय कुणाचा हात लागत नाही," गुरुजी म्हणाले. "शिष्य चुकला तर शिकेल. पण बाहेरच्याचा हात लागला असेल, तर तुला स्वतःचं अंगणही राखता येत नाही. मग पाटी कशाला?" आणि पाटी काखेत मारून निघालेच की!



"मी भरलं!" मी ओरडले. "आणि मी काही बाहेरची नाही. मी शिष्य आहे!"

"कधीपासून?"

"तुम्ही निघालात तेव्हापासून!"

 गुरुजी वाकले, अंगठ्याजवळचा राक्क्यो उचलला, पुसला, तोंडात टाकला. चावताहेत, चावताहेत... मेल्यांना दात तरी किती असावेत!

"चरबी लावलेलं मडकं अर्धं अंगण नेलंस," ते खापरीच्या तेलकट काठावर बोट फिरवत सेइजुनला म्हणाले. "बोटं तयार आहेत. लाव पाटी." मग माझ्याकडे वळले. "आणि नाबीबाई, कराटेची सुरुवात नमस्कारानं, शेवटही नमस्कारानं. इथे वय बघत नाहीत, कोण आधी आलं ते बघतात. नव्या शिष्यानं फरशी पुसायची. नव्यानं जुन्याला वाकायचं, आणि जुना सरळ झाल्याशिवाय वर यायचं नाही."

"वाकेन की! त्यात काय! सगळे शिष्य माझ्या डोळ्यांदेखत वाढलेत. माझ्या अगदी आधी आलेला शिष्य कोण, तेवढं सांगा."

 सेइजुन आता आभाळाकडे बघत होता. हात्सुए हळूच पुढे आली.

"आई, रागावू नका हं. तुम्ही बाजाराला गेलात की मी शिकते. वसंत ऋतूपासून."

पाटी लागली. अक्षरं झकास आहेत म्हणतात. मला वाचता कुठे येतं! रोज सकाळी मी फरशी पुसते आणि सुनेपुढे कमरेत वाकते. तीही वाकते हो, रीतीप्रमाणे. पण ही बया सरळ व्हायला इतका वेळ लावते, इतका वेळ लावते, की तेवढ्यात राक्क्यो मुरून निघावेत!