चाळीस वाढपी

करीमचाचा चहा कानानं बघायचे. चुलीकडं पाठ करून उभं राहायचे, हात कानामागं धरायचे आणि आधण ऐकायचे. "पत्ती अजून रडायली, उतरवू नका," म्हणायचे. गिऱ्हाईक घाईत असो, मोटार भोंगा वाजवत असो, पत्ती गप्प झाल्याशिवाय कपात चहा पडायचा नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस येडा आहे. नंतरही तसंच वाटलं. पण चहा चांगला असायचा, खोटं कशाला बोलू.

उमरग्यात हैदराबादच्या सडकेला, मोटारी थांबायच्या तिथं त्यांचं हॉटेल होतं. शेजारी आमची खानावळ. मी तेव्हा बावीस वर्षांची, चौथी शिकलेली, दिवसभर भाकरी थापणारी. चाचा पन्नाशीचे, उंच, हाडकुळे, डोक्यावर रुमी टोपी. बोलणं सगळं हुकमाचं. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारायचेच नाहीत. "तोंड सुकलंय तुमचं. चहा घ्या, मग बोला." एकदा वसुलीला आलेल्या शिपायालाही असंच म्हणाले. त्यानं मुकाट्यानं घेतला.

लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलवर गेली आणि हॉटेलवाल्यांना मिळेनाशी झाली. चाचांनी गूळ टाकला, दूध फाटलं. दोन दिवस कान लावून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चहा मुका झाला." ड्रायव्हर लोक तो फाटका चहा पिईनात. पुढच्या गावाला जाऊन थांबायला लागले, आणि त्यांच्याबरोबर आमचे जेवणारेही गेले. दोन्ही चुली विझायची वेळ आली.

मग चाचांच्या डोक्यात आलं, निजामाच्या राज्यातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांनी, हलवायांनी, सोडावाल्यांनी हैदराबादेत जमायचं आणि साखरेसाठी एकच अर्ज करायचा. एकेकट्याचा अर्ज साहेब लोक वाचतच नव्हते. लातूर, बीदर, गुलबर्गा, सगळीकडं कार्डं गेली. जागा तिथल्या एका सरायची, म्हणजे मुसाफिरखान्याची. मेजबान कोण, तर चाचा.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "चाचा, हैदराबादेत जाऊन हैदराबादवाल्यांना जेवू घालणार? ते हसतील की."

"हसू द्या. त्यांनी बोलावलं तर आपण मागं उभे राहणार. आपण बोलावलं तर ते आपल्या दारात."

"दार तर सरायचं हाय."

"एका दिवसापुरतं आपलं."

खरी अडचण वेगळीच होती. त्या काळी माणसं जमवायची तर इजाजत लागायची, आणि सभेला ती मिळत नव्हती. चाचांनी इजाजत काढली ती दावतीची. कागदावर लिहिलेलं, जेवण. भाषण नाही, ठराव नाही. जेवण सोडून दुसरं काही दिसलं तर सगळ्यांना हुसकून लावणार, आणि मेजबानाला आत घालणार.

आम्ही आदल्या दिवशी गेलो. सरायच्या अंगणात दोन चुली. एक माझी, एक चाचांच्या मेहुण्याची. हिंदूंची पंगत एकीकडं, मुसलमानांची समोर. तेव्हा तसंच होतं. मी आमटी, भात, भाकरी आणि शेंगांची चटणी केली. मेहुण्यानं खाना केला. दाराशी पोलिसाचा जवान येऊन उभा राहिला. चाचांनी त्याला सांगून ठेवलं, "दावत है." आम्हाला सांगितलं, "आधी जेवण. जेवता जेवता कागद फिरवू. जेवणाआधी कागद बाहेर काढायचा न्हाय."

चाळीस माणसं आली. पत्रावळी मांडल्या, पाणी ठेवलं. आणि कुणी बसेना.

मला आधी कळेचना. मग ध्यानात आलं. हे सगळे हॉटेलवाले. जन्मात लोकांच्या आधी जेवलेले नाहीत. पंगत दिसली की ह्यांचे हात पळी शोधतात. लातूरच्या हलवायानं भाताचं पातेलं उचललं. बीदरचा सोडावाला पाणी वाढायला निघाला. हैदराबादचे एक शेठ, कोटाला सोन्याची बटणं, त्यांनी माझ्या हातातली आमटीची बादली धरली.

"सोडा बाई, तुम्ही बसा."

"मी स्वैपाकीण. मी कशी बसू? तुम्ही पाव्हणे, तुम्ही बसा."

"मी काय गिऱ्हाईक आहे का, आधी बसायला?"

लातूरवाले म्हणाले, "शेठ बसतील तर आम्ही बसू." शेठ म्हणाले, "उमरग्याच्या चहावाल्यानं वाढायचं आणि मी जेवायचं? उलट दिसतंय हे." दोघं तिघं हसले. शेठनी बादली ओढली, मी सोडली नाही, आमटी त्यांच्या कोटावर सांडली. आता भांडण पेटणार हे दिसत होतं. चाळीस माणसं पळ्या, पातेली, तांबे घेऊन उभी, आणि पत्रावळी कोऱ्या.

जवान आत आला. "दावत है ना? फिर खाते कायको नै?"

त्यानं सगळ्यांकडं नीट बघितलं. जेवणारा एकही नाही, आणि माणसं चाळीस. ही सभाच की. त्याचा हात शिटीकडं गेला. मालकांनी माझ्याकडं बघितलं. चाचांच्या शेरवानीच्या आत अर्जाचा कागद होता, तो मला बाहेरून दिसत होता. म्हणजे झडती घेणाऱ्यालाही दिसणार.

चाचा दोन पंगतींच्या मधे आले. तिथं पत्रावळ नव्हती. एक ओढून घेतली, भुईवर मांडी घातली, टोपी नीट केली.

"मला भूक लागलीय," म्हणाले. "वाढा."

हुकूमच तो. चाळीस जण एकदम धावले. भात पडला, आमटी पडली, खाना पडला, चटणी पडली. ज्याला शिवायचं नव्हतं त्यानं वरून टाकलं, पण टाकलं. "आणखी घ्या चाचा." "हे चाखा." "भाकरी मोडा की." चाचा मान खाली घालून खात होते. मी बादली घेऊन वाकले तेव्हा बघितलं, माणूस बाहीला डोळे पुसतोय.

पत्रावळ भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनी मान वर केली. "मेजबान एकटाच जेवतोय. तुमच्या शेहरात हे चांगलं दिसतं का, शेठ?"

शेठनी कोटाकडं बघितलं, बादलीकडं बघितलं आणि बसले. मग निम्मे बसले. निम्म्यांनी वाढलं. मग उलट. जवानालाही ताट दिलं. तो जेवत होता तोवर कागद पंगतीतून फिरला. एका सहीवर आमटीचा डाग पडला, तसाच अर्ज त्याच दुपारी कचेरीत गेला.

परतीच्या मोटारीत मी विचारलं, "चाचा, रडत का होता?"

"तुझी आमटी तिखट होती, बेटी."

मला राग आला. "एवढ्या जणांनी खाल्ली, कुणी हूं का चूं केलं नाही. खरं सांगा."

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुबेदा, तुझी चाची, गेली त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ताट काढलंच न्हाय. भांड्यातनंच खातो, उभ्यानं. आज कुणीतरी वाढलं, तर गिळता येईना."

मालक झोपेचं सोंग करून बसले होते.

साखर महिन्याभरानं आली. मागितली त्याच्या निम्मी, पण आली.

आम्ही उमरग्याला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन भाकरी आणि कालवण घेऊन निघाले. सासूबाई म्हणाल्या, "त्याला हात न्हायत का?"

"हायत," म्हटलं आणि गेले.

चाचांकडं ताट असं नव्हतंच. परातीखाली एक जुनं सापडलं, ते मी घासलं. ते म्हणाले, "नक्को बेटी, गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक थांबंल."

ते बाकड्याच्या कडेला बसले. मी वाढलं आणि उभी राहिले. आग्रह करायचा माझा स्वभाव नाही, आणखी घ्या म्हणायला मला जमतही नाही. दोन्ही भाकरी संपल्या. पदराखाली मी तिसरी आणली होती. ती न विचारता ताटात टाकली.