दिघेमास्तरांचा दवाखान्यातला वर्ग

दवाखान्यात शिरलं की माणसं आधी नंबर लावतात. आमचे दिघेमास्तर आधी भिंत वाचतात. तीही मोठ्याने.

मास्तर आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटेच राहतात. बडोद्यातल्या मराठी शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस अजून पहिलीतच आहे अशी त्यांची पक्की समजूत. दूधवाल्यालासुद्धा ते "शाब्बास" म्हणतात. माझी पन्नाशी उलटली, पण मला आजही "नखं दाखव" म्हणायला ते कमी करणार नाहीत.

त्यांचा खरा छंद म्हणजे दुसऱ्यांबरोबर दवाखान्यात जाणं. कुणी नुसतं शिंकलं की स्वारी दारात हजर. "चालो, जईए!" घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, आणि दोन्हीकडे आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

सावली गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या रमीलाबेनच्या पोटात दुखायला लागलं तेव्हाची गोष्ट. तिच्याकडे सरकारी कार्ड. ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यावर सोनोग्राफी फुकट. पण डॉक्टर म्हणाले, कार्डाचं कार्डाच्या जागी, मशीनचे पैसे वेगळे पडतील. बिचारी तपासणी न करताच परत आली. मास्तरांनी तिला पुन्हा नेलं आणि बरोबर मलाही ओढलं.

मला वाटलं, आता भांडण. छे! मास्तर भिंतीवरच्या पाटीखाली उभे राहिले आणि अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "कार्डवाळानी बधी तपास मफत छे. बोलो!" म्हणजे कार्डवाल्यांची सगळी तपासणी फुकट. बाकांवरची माणसं बघतच राहिली. मग एक म्हातारा पुटपुटला. त्याच्या शेजारची बाई म्हणाली. बघता बघता अख्खी ओळ सुरात म्हणायला लागली, पायाला प्लास्टर घातलेला एकजण तर कुबडीने ताल धरत होता. मी मान खाली घातली होती, पण खरं सांगते, ओठ माझेही हलत होते.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. मास्तरांनी त्यांनाही म्हणायला लावलं. करतात काय, म्हणाले बिचारे. रमीलाबेनची सोनोग्राफी फुकटात झाली. निघताना मास्तर डॉक्टरांना "शाब्बास" म्हणाले, तेवढं मात्र नको होतं.

गेल्या आठवड्यात तीच रमीलाबेन हातातलं काम टाकून माझ्याकडे आली. पुन्हा दाखवायला म्हणून ती त्याच हॉस्पिटलात गेली होती. तिथे तिला मास्तर दिसले, एकटेच. त्यांच्याच छातीची तपासणी होती. डॉक्टरांनी पैसे मागितले आणि मास्तरांनी खिशातून काढून मुकाट्याने दिले. कार्ड त्यांच्याकडेही आहे!

माझं डोकंच फिरलं. तरातरा खाली गेले आणि दारातूनच सुरू केलं. जगाला शहाणपण शिकवता, आणि स्वतःची वेळ आली की तोंडाला कुलूप? कुठे गेली होती तुमची पाटी?

मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

"छातीत दुखत होतं गं," ते म्हणाले. "वाटलं, आता याला दुखवलं, तर हा रागाने काहीतरी वाईट सांगेल."

ते ऐकून मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते तिथल्या तिथे विरलं. मग काय सांगितलं त्यांनी, असं मी विचारलं.

"रिपोर्ट परवाच तयार झालाय. आणला नाही." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "तिथे सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी असतं. मला एकट्याने ऐकायची भीती वाटते."

हॉस्पिटलातून पैसे मी परत घेणारच होते, पण ते नंतर. मास्तरांना तसंच उठवलं आणि स्कूटर काढली. ते मागे बसले आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. प्रतापनगरच्या वळणावर कानाशी येऊन म्हणाले, "हळू चालव गं. आपल्याला कुठे घाई आहे?"

मी वेग कमी केला.