जास्तीचे आटे

सुंदरी हसली नसती, तर धनपाल मगदूमनं आयुष्यात कधी गाडीचं बॉनेट उघडलं नसतं.

पुण्याच्या एका लग्नाहून परत येताना खंबाटकीच्या घाटात त्याची डिझेलची गाडी धापा टाकत चढत होती. मागून त्याचा साडू पारस नवीकोरी गाडी घेऊन आला, हॉर्न देऊन पुढे गेला आणि घाट संपल्यावर चहाच्या टपरीपाशी थांबून राहिला. धनपाल पोचला तेव्हा पारसनं त्याच्या हातात कप ठेवला.

"घ्या पाव्हणं. गार झालाय जरा, पण तुमची वाट बघायची म्हटल्यावर चहानं तरी किती कड काढायची?"

सगळे हसले. तेवढं धनपालनं सोसलं असतं. पण सुंदरीही हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला धनपालनं शब्द टाकला की पुढं कुणी बोलत नसे. त्या माणसाची बायको परक्याच्या चेष्टेला अशी हसते म्हणजे काय? त्यानं तो गार चहा न पिता तसाच खाली ओतला.

दुसऱ्या दिवशी तो कुपवाडला तात्याबा खरातच्या गॅरेजात गेला. तात्याबा जतकडचा, पण शिकायला सांगलीत होता. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. पुढं तात्याबा सैन्यात गेला, तिथं ट्रक दुरुस्त करत देशभर हिंडला, आणि सुटून आल्यावर कुपवाडच्या कारखान्यांच्या गर्दीत त्यानं आपलं गॅरेज टाकलं. लडाखच्या थंडीत आपण इंजिन कसं चालू केलं, ही गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि दर वेळी तिथली थंडी थोडी वाढायची.

"तात्या, गाडीचा टर्बो वाढवता येतो म्हणं," धनपाल म्हणाला.

"टर्बो न्हाई रं, बूस्ट. टर्बो म्हंजी पंखा. इंजनात हवा कोंबतो. हवा लय झाली की ही काडी सरकती आन् जास्तीचा जोर भायेर सोडून देती. काडी आखूड केली की जोर उशिरा सुटतो. गाडी पळती."

"मग कर की आखूड."

"कशाला? हळद घिऊन लढाईला जायचंय का?"

"साडूला मागं टाकायचंय."

तात्याबानं हातातला पाना खाली ठेवला. त्याचा चेहरा गंभीर झाला. त्यालाही एक साडू होता.

"आदी सांगायचं न्हाई व्हय!" तो म्हणाला आणि लगेच कामाला लागला.

त्यानं काडीवरचा नट दोन आटे फिरवला, गाडी मिरजेच्या रस्त्यानं पळवून आणली आणि बॉनेट लावताना बजावलं, "बास. ह्याच्या फुडं हात लावायचा न्हाई. ऑर्डर हाय म्हन."

गाडी खरोखरच उचलायला लागली. धनपाल दोन दिवस विनाकारण आष्ट्यापर्यंत जाऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. दोन आट्यांत एवढं, तर आणखी थोड्यात किती? बाजार चढा असताना व्यापाऱ्याचं मन थांबत नाही. त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून पाना आणला, घरामागच्या शेडमध्ये बॉनेट उघडलं आणि नट हाताला जड लागेपर्यंत फिरवला. ग्रॅमचा फरक डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसानं त्या दिवशी आटे काही मोजले नाहीत.

आठवड्यानं पारसच्या साताऱ्यातल्या नव्या घराची पूजा होती. पारस बायकोला घेऊन त्यांना न्यायला सांगलीला आला होता, दोन्ही गाड्या बरोबरच निघणार होत्या. धनपालच्या गाडीत सुंदरी होती आणि मागं आक्काताई. आक्काताई ही त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्नही चार वर्षं लांबवलं. आता विधवा होऊन भावाकडेच राहायची आणि व्रतं करायची. त्या दिवशी तिचं एकवेळ जेवायचं व्रत होतं. साताऱ्यात पोचायचं, जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग तोंडात काही घालायचं नाही, असं ठरलेलं. पारसच्या घरी तिच्यासाठी वेगळा स्वयंपाकही करून ठेवला होता.

हमरस्त्याला लागल्यावर पारस पुढं होता. धनपालनं गिअर बदलला आणि पाय दाबला. गाडी अशी सुटली की आक्काताई मागं सीटला चिकटली.

"धनू, बाळा, हळू की रं!"

पण पारसची गाडी बाजूला आली, मागं गेली आणि आरशात लहान होत गेली. धनपालनं तिरक्या नजरेनं सुंदरीकडं बघितलं. ती डोळे मिटून, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पारसला मागं टाकलं."

"मी डोळे मिटले हुते," सुंदरी म्हणाली. "आवं, भ्या वाटतंय मला."

मग तिला दिसावं म्हणून त्यानं आणखी पाय दाबला. मलकापूरच्या अलीकडं, एका चढावर, बॉनेटखाली बार उडाला. गाडीतला जीवच गेला. मागं काळ्या धुराचा लोट उठला आणि त्या धुरातून, थोड्या वेळानं, पारसची गाडी शांतपणे बाहेर आली.

पारस उतरला. त्यानं आज चेष्टा केली नाही, आणि तेच धनपालला जास्त लागलं. "पाव्हणं, गाडी लावा कडेला. सगळी माझ्या गाडीत बसा. आक्कांचं जेवण हाय."

एवढं ऐकलं असतं तरी भागलं असतं. पण साडूच्या गाडीत मागच्या सीटवर बसून साताऱ्यात शिरायचं, हे काही धनपालला पटणारं नव्हतं.

"छे छे! तात्याला फोन करतो. तो काय, आत्ता येईल. तुमी व्हा पुढं. आक्का, तू जा ह्यांच्याबरोबर."

"तुला असा रस्त्यावर टाकून मी जेवायला जाऊ?" आक्काताई म्हणाली आणि चटई काढून कडेच्या लिंबाखाली बसलीसुद्धा. तिच्यापुढं कुणाचं चाललं नाही. पूजेचं सामान सुंदरीजवळ होतं, म्हणून ती तेवढी गेली. जाताना काचेतून नवऱ्याकडं बघत राहिली. हसत नव्हती.

तात्याबा आत्ता येणं शक्यच नव्हतं. कुपवाडहून मलकापूर म्हणजे काही शेजारची गल्ली नव्हे. पण तो आला. एका गिऱ्हाइकाची गाडी तशीच उघडी टाकून, पिशवीत पाइपचे तुकडे आणि क्लिपा भरून, मोटरसायकलवर धुळीनं पांढरा होऊन आला. तोवर सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. आक्काताई डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होती. धनपाल दर थोड्या वेळानं सूर्याकडं असा बघायचा, जणू देणेकऱ्यानं घेणेकऱ्याकडं मुदत मागावी.

तात्याबानं बॉनेट उघडलं. हवेचा जाड रबरी पाइप उभा फाटला होता. मग त्याची नजर काडीवर गेली. त्यानं स्वतः नटावर पांढऱ्या रंगाची खूण केली होती. ती खूण भलतीकडंच तोंड करून होती. त्यानं वाकून बघितलं, बोटानं चाचपलं आणि मान वर करून धनपालकडं बघितलं.

धनपालनं नजर खाली घातली.

"काय झालंय रं तात्या?" आक्काताईनं चटईवरून विचारलं. "चांगली चालती गाडी. तुझ्याकडं आणली तवापासनंच कायतरी झालं बघ."

आता बोलायची वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं, 'आक्का, मी केलं.' धनपालनं तोंड उघडलंही. पण समोर उपाशी बहीण, मावळता सूर्य, आणि साताऱ्यात ताट वाढून बसलेला साडू. शब्द ओठांपर्यंत आला आणि घाटातल्या त्याच्या गाडीसारखा तिथंच धापा टाकत राहिला.

तात्याबानं क्षणभर वाट बघितली. मग तो म्हणाला, "चूक झाली आक्का. माझ्या हातनंच नट जरा जास्त फिरला."

"एवढा मिलट्रीतला माणूस तू," आक्काताई म्हणाली. ती रागावली नाही. नुसतं एवढंच म्हणाली.

तात्याबानं नट मूळ जागी आणला, पाइप बदलला, गाडी चालू करून दिली. काम संपलं तेव्हा दिवस मावळून गेला होता. साताऱ्यात पोचल्यावर आक्काताईनं झाकून ठेवलेल्या ताटाला नमस्कार केला, "उद्या खाईन की, त्यात काय," म्हणाली आणि जाऊन पडली. धनपालच्या पानात पारसच्या बायकोनं आग्रहानं बासुंदी वाढली होती. त्याला ती गेली नाही.

पुढच्या दिवसांत आक्काताईनं ही हकिकत मंदिरात, प्रवचनाला, जिथं विषय निघेल तिथं सांगितली. तिचा हेतू वाईट नव्हता. लोकांच्या गाड्या सुखरूप राहाव्यात एवढंच. पण कुपवाडमधल्या बऱ्याच कारखानदारांच्या बायका त्या मंदिरात यायच्या. तात्याबाच्या गॅरेजासमोरची रांग हळूहळू कमी झाली.

धनपालला झोप लागेना. शेवटी एका सकाळी त्यानं आक्काताईला आणि सुंदरीला समोर बसवून सगळं सांगितलं. पाना, शेड, नट, सगळं.

आक्काताई ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"सुंदरी, बघितलंस? मित्राला वाचवायला आळ अंगावर घेतोय! लहानपणापासनं असाच हाय गं हा."

"आक्का, खरं सांगतोय मी! मीच फिरवला!"

"तुमी?" सुंदरी म्हणाली. "आवं, तुमाला साधा बल्ब बदलता येत न्हाई." आणि ती पुन्हा हसली, पण या वेळी इतक्या मायेनं, की खंबाटकीपासून त्याला जे हवं होतं ते सगळं त्या हसण्यात होतं. धनपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो जितकं पटवू लागला तितका थोर होत गेला. संध्याकाळपर्यंत ही गोष्टही मंदिरात पोचली. आक्काताईनं मग मनाशी ठरवलं, की भाऊ एवढा मोठ्या मनाचा असताना आपणही राग धरू नये. तिनं रव्याचे लाडू केले, डबा भरला आणि धनपालच्या हातात दिला.

"तात्याला दे. म्हणावं, आक्कानं माफ केलं. माणसाच्या हातनं चूक होती."

धनपाल डबा घेऊन गॅरेजात गेला. तात्याबा रिकामा बसला होता. धनपालनं त्याला घरी काय झालं ते सगळं सांगितलं, कुणी कसा विश्वास ठेवला नाही तेही. तात्याबा पोट धरून हसला. लडाखची थंडी सांगतानाही तो एवढा खुलत नसे.

मग हसू थांबलं. त्यानं एक लाडू उचलला, हातात फिरवला.

"एक इचारू का धनपाल? आता घरी बसून बोललास. त्या दिशी रस्त्यावर का न्हाई रं बोलला? म्या लय वाट बघितली गड्या."

बाहेर एक गाडी हळू झाली. तात्याबानं आशेनं मान वर केली. गाडी तशीच पुढच्या गॅरेजाकडं निघून गेली.

तात्याबानं लाडू तोंडात टाकला आणि डबा धनपालपुढं सरकवला.

"खा. झकास झाल्यात."

"ते तुला दिल्यात, तात्या. माफीचे."

"म्हून तर म्हनतोय," तात्याबा म्हणाला. "घे की."