ग्यानोबाचं मौनव्रत

नायगावचे पाहुणे निघाल्याचा फोन आला तसं सिंधुने नवऱ्याला, ग्यानोबाला बजावलं, "आज तुमचं मौन हाय. तोंड उघडलं की खोकला येतो, म्हणून तोंडच उघडायचं न्हाई."

शिरूर अनंतपाळात माणूस चार महिने खोकला की गाव त्याला टीबी ठरवून मोकळं होतं. ग्यानोबाला टीबी नव्हता. लातूरच्या डॉक्टर गीतांजलीबाईंनी थुंकी तपासली, छातीचे फोटो काढले, तरी घाई केली नाही. नळी घालून छातीतला बारीकसा तुकडा काढला, तो तपासला आणि मगच सांगितलं की हा सारकॉइडोसिस आहे. शत्रू नसतानाच शरीराची राखण करणारी फौज फुप्फुसात जमते आणि गाठी करते, पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी धाप कमी झाली, खोकलाही उतरणीला लागला. पण एवढं सगळं गावाला कोण समजावणार? त्यांच्या पोरीची, सुकन्याची, एक सोयरीक या अफवेपायीच मोडली होती, आणि नायगावचा आदिनाथ तर पोरीच्या मनात भरला होता. म्हणून सिंधुने बैठकीला मुद्दाम सोमवार धरला, म्हणजे मौन सोमवारच्या व्रताचं वाटेल. बाई मोठी धोरणी.

आदिनाथचे वडील अर्जुनराव मौनाचं ऐकून भारावलेच. आजच्या काळात असं व्रत कोण पाळतं, म्हणून त्यांनी ग्यानोबाला हात जोडले. इथवर सगळं सुरळीत होतं. मात्र गोळ्यांनी भूक खवळते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सिंधु विसरली होती. ग्यानोबाने पोहे संपवले, भजी संपवली आणि पाहुण्यांसाठीचं लाडवांचं ताट स्वतःकडे ओढलं.

"सोमवार हाय ना? मग उपास?" अर्जुनरावांनी विचारलं.

"यांच्या वाटचा उपास मी धरते," सिंधु म्हणाली.

तेवढ्यात लाडवाचा कण घशात अडकला आणि ग्यानोबाला खोकल्याची उबळ आली. खोकला कधीपासून आहे, असं अर्जुनरावांनी विचारलं. व्रताला जागून ग्यानोबाने महिने मोजून सहा बोटं दाखवली. सहा वर्षं का, म्हटल्यावर त्याने नाही म्हणून इतक्या जोरात मान हलवली की उबळ दुप्पट झाली. अर्जुनराव उठून चपला शोधायला लागले. टीबीच्या घरातली पोरगी आपल्याला नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चुलीपाशी सुकन्या पदराने डोळे पुसत होती.

आता दुसरी बाई रडली असती, नाहीतर भांडली असती. सिंधु दारात उभी राहिली.

"मौन खोटं हाय, ते माझं काम. आजार खरा हाय, पर टीबी न्हाई. माझ्यावर इश्वास नसंल तर लातूरला चला आन् डॉक्टरीणबाईला इचारा. मग सोयरीक मोडा."

खरं बोलायची अशी छाती फार थोड्यांना असते. अर्जुनरावांनाही नाही म्हणवेना. त्यांच्याच जीपमधून सगळे लातूरला गेले.

गीतांजलीबाईंनी जुना आणि नवा फोटो उजेडात धरून कोणत्या गाठी विरल्या ते दाखवलं. अर्जुनरावांच्या शंका संपेनात. बाईंनी न कंटाळता प्रत्येकीचं उत्तर दिलं, पण त्यांचं लक्ष प्रश्नांपेक्षा प्रश्न विचारणाऱ्याच्या रुमालाकडे होतं. दर वाक्याला तो तोंडाशी जात होता. हा ठसका कधीपासूनचा, असं त्यांनी विचारलं. अर्जुनराव म्हणाले की मळणीच्या धुळीने येतो, लई दिवसांचा आहे. बाईंनी त्यांची थुंकी तपासायला पाठवली आणि फोटोही काढून घेतला.

रिपोर्ट घ्यायला सगळे पुन्हा गोळा झाले. अर्जुनरावांना टीबी निघाला. बाईंनी धीर दिला की सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, मधेच सोडलं नाही तर माणूस ठणठणीत होतो, आणि नीट औषध घेतलं तर काही आठवड्यांत आजार दुसऱ्याला लागायचाही थांबतो. अर्जुनराव बाकावर खाली मान घालून बसले. बैठकीतला सगळा तोरा उतरला होता.

"इहीणबाई," ते हळूच म्हणाले, "हे ऐकून पोरीकडचे लोक काय म्हणतील?"

सिंधु त्यांच्या शेजारी बसली.

"पोरीकडचे आमीच हाव की," ती म्हणाली. "तुमी औषध सुरू करा. लग्न उन्हाळ्यात धरू."